छोट्या दाढेची पक्कड: सात नंबर, तेरा नंबर

उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की आमच्या दातांच्या दवाखान्यात इन्व्हर्टरवर फक्त खुर्चीवरचा दिवा अन् एक पंखा चालतो. मागच्या कोपऱ्यात माझे ड्रॉवर आहेत, तिथं अंधार. डॉक्टर मॅडमनी दात सांगितला की मी पाऊचवरून, म्हणजे हत्याराच्या बंद पाकिटावरून, नुसतं चाचपून पक्कड काढते. लातुरात हे काम करून एकोणीस वर्षं झाली. आता चुकत नाही. पहिल्या वर्षी चुकत होते, अन् त्यातली एक चूक अजून डोळ्यापुढून जात नाही. ती पुढं सांगते.

दातांच्या दवाखान्यात नव्यानं कामाला लागलेल्या पोरींसाठी हे लिहायलेय. मी डॉक्टर नाही, बारावीला गणितात गेलेली बाई आहे. दात काढणं डॉक्टरचं काम. हे वाचून कुणी घरात पक्कड हातात घेऊ नये. आपलं काम म्हणजे हत्यार ओळखायचं, वेळेवर द्यायचं, धुवायचं अन् जपायचं. पण ते तसंच का घडवलंय हे कळलं नाही तर नुसते नंबर पाठ करून दोन दिवसांत विसरशील. सगळ्या पकडी एकदम सांगत बसत नाही. छोट्या दाढांच्या तेवढ्या सांगते, कारण गोंधळ इथंच होतो.

छोटी दाढ म्हणजे शाळेच्या पुस्तकातली उपदाढ. सुळ्याच्या मागं दोन, मग मोठ्या दाढा. वर चार, खाली चार, एकूण आठ. दुधाच्या वीस दातांत ती नसतेच. दुधाच्या दाढा पडतात त्या जागी दहा-बारा वर्षांच्या वयात छोट्या दाढा येतात. म्हणून लहान लेकराची दुधाची दाढ काढायची असते तेव्हा मॅडम पक्कड फार खोल घालत नाहीत: दुधाच्या दाढेच्या मुळांच्या कवेतच पुढं येणाऱ्या छोट्या दाढेचा अंकुर बसलेला असतो, तोच उपटून यायचा. त्या वेळी लहान मुलांची वेगळी पक्कड काढायची, ही नाही.

चिठ्ठीवर आकडे असतात, १४, २४, ३५ असे. त्यांना चौदा, चोवीस म्हणू नकोस. वन-फोर, टू-फोर म्हणतात. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो. १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. उजवा-डावा पेशंटचा, आपला नाही. दुसरा आकडा मधल्या रेघेपासून मोजायचा: ४ म्हणजे पहिली छोटी दाढ, ५ म्हणजे दुसरी.

हे नीट शिक, कारण छोट्या दाढा पुष्कळदा चांगल्या असतानाच काढाव्या लागतात. लातुरात क्लासेसला आलेली गावोगावची पोरं आहेत, त्यांच्यात तारा लावणारीही बरीच असतात. जबड्यात जागा करायला तारांचे डॉक्टर चिठ्ठी देतात, चार पहिल्या छोट्या दाढा काढा म्हणून. किडलेला दात स्वतः ओरडून सांगतो, मी इथं आहे. हा धडधाकट दात गप्प बसतो. त्यात चार नंबर अन् पाच नंबर शेजारी-शेजारी, दिसायला बहिणी-बहिणी. सुळा अजून आलेला नसला, किंवा दुधाची एखादी दाढ पडायची राहून गेली असली, तर मोजणी एक घर सरकते. मॅडम आरशात मोजतात, मी एक्स-रेवर मोजते, अन् दोघींनी मोठ्यानं आकडा बोलल्याशिवाय सुई भरली जात नाही. ही सवय डॉक्टरला नसली तर तू लाव. चिडले तर चिडू देत.

आता पक्कड. पेशंट पक्कडच म्हणतात, म्हाताऱ्या बाया सांडशी म्हणतात, मॅडम फोरसेप म्हणतात. तिचे भाग तीन: हातात धरायचे दांडे, मधला सांधा, अन् दाताला बसणारी टोकं. टोकांना मी चोच म्हणते.

आमच्याकडं बहुतेक पकडी इंग्लिश पद्धतीच्या आहेत. त्यात वरची की खालची हे अंधारातही कळतं. चोच दांड्याच्या रोखानं पुढं गेली असेल तर वरच्या जबड्याची. चोच दांड्याशी काटकोनात वाकली असेल तर खालच्या जबड्याची. पहिली निवड इथंच झाली.

वरच्यांत पहिली सरळसोट, पुढच्या दातांची, दांडा अन् चोच एका रेषेत. ती बाजूला ठेव. सात नंबर म्हणजे वरच्या छोट्या दाढेची. बाजूनं बघ, तिला हलकासा नागमोडी बाक आहे. पेशंटचा खालचा ओठ आडवा येऊ नये अन् चोच मागं दाताला सरळ बसावी, म्हणून तो बाक. तिच्या दोन्ही चोची सारख्या, आतून खोलगट, कुठंही टोचणारा कोन नाही. मोठ्या दाढेच्या पकडीला, म्हणजे सतरा अन् अठरा नंबरला, एका चोचीवर अणकुचीदार टोक असतं. वरच्या मोठ्या दाढेला गालाकडं दोन मुळं असतात, त्यांच्या बेचक्यात ते टोक शिरतं, म्हणून उजवीची वेगळी अन् डावीची वेगळी पक्कड लागते. छोट्या दाढेला गालाच्या बाजूनं असं बेचकं नसतं. त्यामुळं सात नंबर उजवीकडंही चालते, डावीकडंही.

खालच्यांत तेरा नंबर छोट्या दाढेची. काटकोनी, दोन्ही चोची सारख्या अन् गोलसर. बावीस नंबर खालच्या मोठ्या दाढेची, तिच्या दोन्ही चोचींना टोक असतं, ती बोटाला लगेच कळते. फसवते ती तेहतीस नंबर. ती खालच्या तुटक्या मुळांची. तीही काटकोनी, तिच्याही चोची सारख्या अन् बिनटोकाच्या. लांबून बघितलं तर तेरा-तेहतीस जुळ्या. ओळख अशी, की दोन्ही मिटून बघ. आमच्याकडच्या तेहतीसच्या चोची बारीक आहेत अन् मिटल्यावर एकमेकींना भिडतात. तेराच्या रुंद आहेत, अन् मिटल्यावरही मध्ये दाताएवढी फट राहते.

अमेरिकन पद्धतीच्या पकडी असतील तिथं नंबर वेगळे: वरच्या छोट्या दाढेला १५० ए, खालच्या छोट्या दाढेला १५१ ए. त्यांत खालचीही काटकोनी नसते, नुसती खाली वाकलेली असते. नव्या दवाखान्यात लागलीस तर पहिल्या दिवशी दोन्ही पद्धतींची सरमिसळ नाही ना, एवढं बघून घे.

आता माझी चूक. दिवाळी झाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. त्या आठवड्यात दरवर्षी गर्दी असते. सहा महिने फडावर राहायचं, तिथं कुठला दवाखाना, म्हणून लोक येतात अन् म्हणतात, "लई ठणकायलंय बाई, काढूनच टाका." एक माणूस आला, खालची दुसरी छोटी दाढ अर्धी किडलेली. मॅडमचे डोळे पेशंटच्या तोंडात, हात माझ्याकडं. मी तेराऐवजी तेहतीस ठेवली त्या हातात. बारीक चोच त्या दाताच्या पोखरलेल्या डोक्याला, म्हणजे हिरडीबाहेरच्या भागाला, दोनच बिंदूंवर टेकली, मॅडमनी दाब दिला अन् कट्ट आवाज आला. डोकं हातात, मूळ हाडात. दहा मिनिटांचं काम तासावर गेलं, खाली टोळीचा ट्रॅक्टर उभा. पेशंट गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी बघून घेतलं नाही, चूक माझीपण आहे." त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

तेव्हापासून त्यांनी मला मुळं शिकवली. काढलेले दात धुऊन, निर्जंतुक करून, एका बाटलीत ठेवले होते. दात मुळासकट बघितल्याशिवाय पक्कड कळत नाही.

वरची पहिली छोटी दाढ सुमारे सव्वादोन सेंटिमीटर लांब. त्यातलं डोकं साडेआठ मिलिमीटरच्या आसपास, बाकी सगळं हाडात. तिला बहुधा दोन मुळं, एक गालाकडं, एक टाळूकडं, अन् टोकाला काडीसारखी बारीक. सगळ्या छोट्या दाढांत नाठाळ हीच. मॅडम तिला गालाकडं सावकाश झुकवतात, टाळूकडं बेतानं, अन् पिळत कधीच नाहीत, कारण पिळलं की बारीक टोक मोडतं. वरच्या दुसरीला बहुधा एकच मूळ, जाड अन् बोथट. ती जरा फिरवलेली सोसते, पण तिच्या मुळाच्या वर सायनसची, म्हणजे गालामागच्या हाडातली हवेची, पोकळी असते, म्हणून मोडलेला तुकडा वर ढकलायचा नाही. खालच्या दोघी गरीब. एकच मूळ, गाजरासारखं निमुळतं, सरळ असलं तर थोडं झुकवून अन् थोडं फिरवून निघून येतं. फक्त त्यांच्या मुळांच्या टोकांशी हाडात एक भोक आहे, त्यातून ओठाला जाणारी नस बाहेर पडते. तिथं हत्यार घसरलं तर ओठ बधिर राहू शकतो.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यापुढं आमच्या रानातला पऱ्हाटी उपटायचा चिमटा येतो. कापूस वेचून झाला की वडील त्यानं पऱ्हाट्या उपटायचे. वर बुडख्यापासून हातभर धरला तर झाड मोडतं. जमिनीला टेकवून, अगदी खाली धरून, मग रेटा दिला तर मुळासकट येतं. मॅडमचंही तसंच. आधी मून्स प्रोब नावाच्या चपट्या हत्यारानं हिरडी मोकळी करतात. मग पक्कड दाताच्या उभ्या रेषेत धरून आधी टाळूकडची किंवा जिभेकडची चोच सरकवतात, मग गालाकडची. मग ओढत नाहीत, उलट आत दाबतात. चोच हिरडीखाली मुळापर्यंत गेली पाहिजे. मग झुकवणं, प्रत्येक वेळी क्षणभर थांबून, म्हणजे हाड हळूहळू ताणून मोकळं होतं. ओढणं अगदी शेवटी, तेही हलकंच. नवीन आलेले डॉक्टर घाई करतात ती नेमकी इथं.

चोच अशी मुळाच्या आकाराची घडवायची कल्पना १८४० च्या सुमाराची, लंडनचे जॉन टोम्स यांची, असं मॅडम सांगतात. त्याआधी किल्लीसारखं हत्यार असायचं, दाताला अडकवून पिळायचं. ऐकूनच माझी दाढ शिवशिवली.

ट्रे लावताना आधी पेशंटची चौकशी. बीपी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, जेवून आलाय का. गोळी चालू असेल तर मॅडमना सांगायचं, आपण परस्पर बंद कर म्हणायचं नाही. मग तोंड किती उघडतं ते बघायचं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे अन् पुडी खिशात आहे. अशा पेशंटचा गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो, तीन बोटंसुद्धा आत जात नाहीत. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन लाव, नाहीतर पकडीच्या दांड्यानं कोपरा चिरतो.

ट्रेमध्ये आरसा, प्रोब, सिरिंज, मून्स प्रोब, दात सैल करायचा सरळ एलिव्हेटर, पक्कड, खड्डा खरवडायचा क्युरेट, कापसाचे अन् गॉजचे बोळे. ट्रे झाकून ठेव. पक्कड दिसली की माणूस अर्धा मेला. हातात देताना पेशंटच्या छातीवरून फिरवू नकोस, हनुवटीच्या खालून दे. दांडे डॉक्टरच्या तळव्यात, चोच तुझ्याकडं, अन् चोच ज्या जबड्याला लावायची त्या दिशेला वळलेली. अन् देताना नंबर बोल. "तेरा." एवढा एकच शब्द.

वरच्या दाताला खुर्ची मागं कललेली असते, खालच्याला पाठ बऱ्यापैकी उभी करतात, म्हणजे तोंड उघडल्यावर खालचे दात जमिनीला समांतर येतात. उजव्या हाताचे डॉक्टर खालची उजवी बाजू करताना पेशंटच्या मागं जाऊन उभे राहतात. तेव्हा ट्रे तू आधीच सरकवलेला असला पाहिजे. त्यांचा डावा हात रिकामा नसतो: वर बोटांनी दाताच्या दोन्ही बाजूंचं हाड धरलेलं असतं, खाली जबडा तोलून धरलेला असतो. म्हणून आणखी एक डोळा तुझा लागतो. बधिर झालेला खालचा ओठ पकडीत सापडला तर पेशंटला कळत नाही, तूच बघायचं.

दात निघाला की लगेच फेकू नकोस. टोकं बघ. गुळगुळीत, निमुळतं टोक म्हणजे पूर्ण आलं. टोकाला खडबडीत, सपाट तुटलेपणा दिसला तर तुकडा आत आहे, लगेच सांग. वरच्या पहिलीची दोन्ही टोकं मोज. पेशंटला गॉज अर्धा तास घट्ट दाबून धरायला सांग, थुंकत बसू नको म्हणून बजाव. दात दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, ती जाळायला जाते. चांदी भरलेला असला तर मात्र नाही, त्यात पारा असतो, तो जाळायचा नसतो, वेगळ्या डबीत ठेव.

आता धुणं. मी यावर जास्त बोलते, कारण यात कुणी बघत नसतं.

रक्त वाळू द्यायचं नाही. जाड रबरी हातमोजे घाल, पक्कड पूर्ण उघड अन् एन्झाइमच्या, म्हणजे रक्ताची घाण सोडवणाऱ्या, द्रावणात बुडव. रात्रभर ठेवायचं नाही, गंज धरतो. ब्लीचिंगच्या पाण्यात तर मुळीच नाही, स्टेनलेस स्टीललासुद्धा त्यानं बारीक खड्डे पडतात. मग पाण्याखाली ब्रशनं घासायचं: चोचीच्या आतला खोलगट भाग, मग सांधा. सांध्यात घाण राहिली की पक्कड आधी जड होते, मग करकरते. कोरडी करून, सांधा उघडा ठेवून पाऊचमध्ये भरायची. मिटून भरली तर दोन पात्यांच्या मध्ये वाफ जात नाही. ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनला, १२१ अंश, १५ पौंड दाब, पाऊचमधल्या हत्यारांना ३० मिनिटं. उकळून चालतं असं अजून काही जणी म्हणतात. चालत नाही, उकळत्या पाण्यात सगळे जंतू मरत नाहीत. पाऊचवरची पट्टी रंग बदलते, पण ती फक्त वाफ लागली एवढंच सांगते. आधी घासलंस की नाही हे तिला कळत नाही.

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ते ऑटोक्लेव्हमध्ये घातलं की पकडीवर पांढरे डाग अन् मशीनच्या तळाला खडूसारखा थर. मशीनमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाल. धुऊन झाल्यावर शेवटचा हातही त्याच पाण्याचा दे. सांध्याला हत्यारांसाठीचं, पाण्यात विरघळणारं वंगण लाव. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल नको. त्या तेलाचा थर वाफेला आत जाऊ देत नाही. एखादी जुनी, मुलामा उडालेली पक्कड नव्यांच्या ढिगात घालू नकोस, तिचा गंज बाकीच्यांना लागतो.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते हे आमचंच लातूर. तेव्हा नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं, टँकरची वाट बघायची. मॅडमनी पेशंट निम्मे केले पण धुणं निम्मं केलं नाही. मी तीन टब लावले होते. पहिल्यात एन्झाइम, दुसऱ्यात घासणं, तिसऱ्यात खळबळणं, अन् तिसऱ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी फरशीला. घरी मात्र आम्ही भांडी राखेनं घासायचो.

महिन्यातून एकदा प्रत्येक पक्कड उजेडात धरून बघ. दोन्ही चोची समोरासमोर येतात का, की एक पुढं-मागं सरकलीय? सांधा एका बोटानं उघडतो का, की डुलतो? डुलणारी पक्कड दातावर घसरते, ती मॅडमना दाखवून बाजूला काढ. अन् पाऊचवर तारीख टाकताना पेन कागदाच्या पोटावर चालवू नकोस, भोक पडलं की आतलं सगळं पुन्हा धुवायला आलं. कडेच्या पट्टीवर लिही.

आमच्या ड्रॉवरमध्ये तेरा अन् तेहतीस आता शेजारी नसतात. तेरा वरच्या कप्प्यात, पाऊचच्या कडेला लाल रेघ. तेहतीस खालच्या कप्प्यात, पाऊचचा कोपरा दुमडलेला. लाल रेघ अंधारात दिसत नाही, दुमडलेला कोपरा बोटाला लागतो.